दारावर डकवलेलं समन्स

आमच्या घरमालकीण काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली, ती माझ्याविरुद्ध.

गुरुवारी संध्याकाळी कोर्टातून घरी आलो, तर काकू जिन्याशी वाट बघत उभ्या होत्या. "वकीलसाहेब, तुमच्यावरच केस झाली काय जी?"

वर जाऊन पाहिलं. दाराच्या मधोमध, बायकोने लावलेल्या लक्ष्मीच्या पावलांच्या थोडं वर, समन्स डकवलं होतं. चांगली जाड खळ लावून. शनिवारी सकाळी आठ वाजता हजर राहावे, न राहिल्यास दावा एकतर्फा चालवला जाईल. खाली लिहिलं होतं, 'प्रतिवादीचे घर हेच, अशी ओळख पटवणार', आणि त्यापुढे काकूंची लांबलचक सही.

"तुम्ही सही केलीत?"

"पोरगी म्हणे, वकील इथंच राह्यते ना? म्या म्हटलं हो. मंग म्हणे इथं सही करा. केली."

"वाचायचं ना आधी."

"चष्मा घरात होता. मंग आणला अन् वाचलं. इस्त्रीवाल्यानंही वाचलं. तो म्हणे, साहेब तं चांगला माणूस वाटे."

समन्स खोटं होतं, पण शिकवलेलं खरं होतं. आणि शिकवणारा मीच.

मी मूळचा कोकणातला. आठवीत शाळा सुटली आणि तालुक्याच्या कोर्टासमोर चुलत्याच्या हॉटेलात कपबशा विसळायला लागलो. चहा घेऊन कोर्टात आत-बाहेर करता करता एका वकिलांनी ऑफिसात ठेवून घेतलं. त्यांनीच मागे लागून सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला, दहावी बाहेरून झाली, मग बारावी, बी.ए. आणि पुष्कळ उशिरा वकिली. पुढे बायकोला धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून नागपूरला आलो. इथल्या एका लॉ कॉलेजने आठवड्यातले काही तास दिवाणी प्रक्रिया शिकवायला बोलावलं, तेव्हा त्या फोनवर मी 'थँक्यू' इतक्या वेळा म्हटलं की पलीकडच्या कारकुनाने विचारलं, "सर, सगळं ठीक आहे ना?"

नेमणूक एका सत्राची. पुढची मिळेल की नाही, हे प्राचार्या मॅडम एक तास मागच्या बाकावर बसून ठरवणार होत्या. त्यांनी शनिवार कळवला होता. मला ते काम हवं होतं. कोर्टात मी बरा वकील आहे, पण वर्गात पाय टाकला की मला अजून आपण कुणाच्या तरी जागेवर येऊन बसलोय असं वाटतं, आणि उठावंसंही वाटत नाही.

वर्गाला मी एक लुटुपुटूचा दावा चालवायला दिला होता. विषय तुमचा, प्रक्रिया माझी, असं सांगून. विषय त्यांनी माझाच घेतला. वर्ग विरुद्ध मी. सर नऊला संपणारा तास साडेनऊपर्यंत ओढतात, त्यामुळे काटोलची बस जाते आणि कॉलेजसमोरच्या टपरीवरचे तर्री पोहे संपतात, सबब सरांना कायमचा मनाईहुकूम व्हावा. मी कौतुकाने हसलो, आणि दाव्यात प्रतिवादीचा पत्ता पूर्ण लिहा, नाहीतर बजावणी होत नाही, असंही बजावून सांगितलं. हे सगळं कॉलेजच्या आवारातच करायचं, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

समन्स बजावणारी बेलिफ होती ती काटोलहून रोज येणारी मुलगी. वडिलांची संत्र्याची बाग, आणि कुठलंही काम अर्धं सोडायचं नाही असं घरचं वळण. माणूस भेटला नाही तर समन्स दाराला डकवायचं, हे मी शिकवलं होतं. तिने डकवलं.

ते काढताना निम्मा कागद दारालाच राहिला. रात्री बायको म्हणाली, "इतकी वर्षं लोकांना कोर्टात ओढलंस, आता कळेल."

शनिवारची मला खरी काळजी दाव्याची नव्हतीच. मॅडमसाठी मी अधिकारक्षेत्रावर जोरदार व्याख्यान तयार केलं होतं. दाव्याचं काय, पुढची तारीख घेऊ, असं मी वकिलाच्या सवयीने धरून चाललो. तारीख मागितली की मिळते, या एका श्रद्धेवर माझा पेशा चालतो.

वर्गात शिरलो तर माझ्या टेबलाशी न्यायाधीश बसलेले. हा मुलगा मिहानमधल्या कंपनीत रात्रपाळी करून थेट वर्गाला येतो. डोळे निम्मे मिटलेले असतात, म्हणूनच त्याला न्यायाधीश केला होता. मॅडम मागच्या बाकावर.

"आज आपण जरा वेगळा विषय घेऊ," मी म्हणालो.

न्यायाधीशाने डोळे उघडले. "प्रतिवादी हजर आहे. लेखी कैफियत?"

"पुढच्या तारखेला देतो."

"अर्ज?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तारीख पाहिजे तर अर्ज लागतो ना?"

अर्ज मी आणलाच नव्हता. कायद्यात कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, चांगली मुदत असते. पण सत्र संपत आलं म्हणून या दाव्यापुरती ती छाटायचा हुकूम मीच दिला होता. मग मी शेवटचं हत्यार काढलं. बजावणीच कायद्याने झालेली नाही, असं म्हणून बेलिफला उलटतपासणीला बोलावलं.

"मी घरी कधी येतो, हे घरमालकिणीला विचारलंत?"

"विचारलं. काकू म्हणे, संध्याकाळी येते."

"मग थांबला का नाहीत? पुन्हा का नाही आलात?"

"मले बस पकडाची होती सर. सकाळची बस तुमच्यामुळं जाते, संध्याकाळची कोणामुळं सोडू?"

मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. मॅडमचाच होता.

न्यायाधीशाने वही चाळली. "बजावणीत दोष आहे. पण प्रतिवादी स्वतःच हजर झाला, त्यामुळे त्या दोषाचा त्याला आता फायदा नाही. तुम्हीच शिकवलं सर."

शिकवलं होतं.

"अजून काही म्हणायचं?"

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "मी आठवीत शाळा सोडली. वर्गातून निघायची घाई तेव्हा होऊन गेली, आता होत नाही. म्हणून तास लांबतो."

बोलून गेल्यावर लक्षात आलं. एवढे दिवस मॅडमसमोर ज्या गोष्टीवरून विषय बदलत होतो, ती मी त्यांच्यासमोरच मांडली होती. न्यायाधीशाने पुन्हा वही उघडली. मग पडेल आवाजात म्हणाला, "सर, हा मुद्दा कैफियतीत नाही. जे कैफियतीत नाही, ते पुराव्यात घेता येत नाही."

हे शिकवायला मी अख्खा आठवडा घातला होता. इतकं पक्कं बसलेलं पाहून मला पराभवाचं काही वाटेना.

दावा मंजूर. तास नऊला सुटेल. खर्चापोटी प्रतिवादीने कोर्टाला, वादीला आणि बेलिफला पोहे खिलवावेत. घड्याळात नऊ वाजले होते. अधिकारक्षेत्राची टिपणं पिशवीतच राहिली.

मॅडम दाराशी थांबल्या. "पुढच्या सत्रात अपील पण घ्या," त्या म्हणाल्या. "हरल्यावर काय करायचं, तेही पोरांना कळू द्या. आणि तुमच्या शाळेचं तुमच्या फाईलमध्ये पहिल्याच पानावर आहे, सर. मी वाचूनच फोन करायला सांगितला होता."

थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्या जिना उतरून गेल्या होत्या.

टपरीवर पोह्यांवर तर्री ओतता ओतता काटोलची मुलगी म्हणाली, "सर, आता सांगा ना ते शाळेचं. कोर्ट उठलं न."

मी सांगत गेलो. चुलत्याचं हॉटेल, कपबशा, ते वकील. मनाईहुकूम वर्गापुरता होता, टपरी त्यात येत नव्हती. तिची बस चुकता चुकता राहिली. न्यायाधीश उभ्याउभ्याच झोपला होता.

घरी काकू जिन्यातच होत्या. "काय झालं गा केसचं?"

"हरलो काकू."

"अन् कॉलेजातलं काम?"

"राहिलं."

काकूंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "मंग हरलो काहून म्हणता?" म्हणाल्या, आणि दाराचा राहिलेला कागद खरवडायला ओलं फडकं हातात दिलं.