कंट्रोल डिशमधल्या हिरव्या कड्या

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली, नोंद दुरुस्त करून ठेवतो.

दोन हजारच्या दशकात मी चेन्नईत एका खाजगी लॅबमध्ये सेल कल्चरचा प्रमुख होतो. काम रिसेप्टरचं. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात रोवलेलं प्रथिन. बाहेरचा निरोप ते आत देतं. पेशीत त्याची साखळी विणली जाते, विणता विणताच आतल्या पडद्यात ओवली जाते, मग त्या पडद्याची इवलीशी पिशवी ते आवरणापर्यंत नेते. आमच्या रिसेप्टरला जेलीफिशचं चमकणारं प्रथिन जोडलेलं होतं. तो मुक्कामी पोचला की पेशीभोवती हिरवी कडी दिसे. ज्या डिशमधल्या पेशींना त्याचा जीन दिलेलाच नाही, ती कंट्रोल डिश. ती काळीच दिसायला हवी.

"सर, जरा या हो. कंट्रोलमधून कुणीतरी बघतंय," कमला म्हणाली. ही आमची टेक्निशियन, तंजावरी मराठी घरातली, कंत्राटावर.

मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत मी डोळा लावला. काळोखात एकच कडी. दुसऱ्या दिवशी चार. आठवड्याने जिकडे डिश सरकवावी तिकडून त्या बघत होत्या.

"डिशची अदलाबदल केलीस तू."

"अय्यो, नाही सर! सांबारात मीठ दोनदा घालीन, पण लेबल चुकणार नाही."

डायरेक्टर म्हणाले, "क्लायंटला काय सांगू? चूक कुणाची?"

"टेक्निशियनची," मी म्हणालो.

शुक्रवारी तिचं कंत्राट संपवलं.

सोमवारी मी स्वतः फ्रीझरमधली नवी व्हायल, म्हणजे गोठवलेल्या साध्या पेशींची कुपी, काढून पेशी वाढवल्या. इनक्युबेटरला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. तिसऱ्या दिवशी बघितलं. कड्या होत्याच. जीन दिला नाही, तर या पेशी रिसेप्टर विणतात कशावरून?

मग व्हायलची नोंद काढली. ती भरली त्या दिवशी क्लायंटची माणसं यायची होती. घाईत मी चमकणाऱ्या आणि साध्या पेशींना एकाच बाटलीतलं मीडियम, म्हणजे त्यांचं अन्नपाणी, घातलं होतं. पिपेटही तीच. चार-दोन चमकणाऱ्या पेशी साध्यांत गेल्या, आणि ती भेसळच मी गोठवून ठेवली; कमलाच्या डिशही त्याच साठ्यातल्या. खाली सही माझी.

व्हायल्स गुपचूप नष्ट केल्या. चूक टेक्निशियनची म्हणणारा रिपोर्ट बदलला नाही. एका वेळी एकाच जातीच्या पेशी हाताळाव्यात, हा नियम सगळ्यांना मीच शिकवत असे. नियम बहुधा शिकवणाराच मोडतो.

वर्षभराने सगळं सांगायचं ठरवून कमलाच्या घरी गेलो. दुसऱ्या कुठल्याही लॅबने तिला घेतलं नव्हतं. तिने कॉफी दिली आणि समोर उभी राहिली.

"खूप विचार केला, सर. माझ्याच हातून झालं असणार. माफ करा."

मी म्हणालो, "असू दे."