शेजारणीचा दाखला

मुलुंडच्या त्या जुन्या इमारतीत सुंदराबाई सावंतांची खोली जिन्याला लागूनच होती, त्यामुळे वर येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या तावडीत सापडायचा. नवरा गिरणीत होता तेव्हा त्या परळला राहत. संपाच्या काळात दारात वसुलीवाले आले की सगळी चाळ एका सुरात सांगायची, "गावाला गेलेत!" ते उपकार बाई अजून फेडत होत्या. त्यांचा आडाखा साधा होता: जो बापाच्या नावासकट माणसाची चौकशी करतो, तो चांगल्या कामाला आलेला नसतो.

म्हणून पाठीला बॅग लावलेल्या एका तरुणाने "सुयोग चंद्रप्रकाश राणे इथेच राहतात का?" असं विचारलं, तेव्हा बाईंनी तांदूळ निवडता निवडताच आपल्या मालवणीत त्याचा निकाल लावला.

"रवत होतो तो. गेलो गावाक."

"परत कधी येतील?"

"देवाक ठावक."

संध्याकाळी शेजारचा सुयोग घरी आल्यावर त्यांनी मोठ्या ऐटीत आपला पराक्रम सांगितला. सुयोगचा चेहराच उतरला. कितीतरी महिने घरी बसल्यावर विमा कंपनीत नोकरी मिळाली होती, फक्त पत्त्याची आणि चालचलणुकीची चौकशी उरली होती.

"काकी, वाट लावलीस ना माझी! कंपनीचा माणूस होता तो. आता त्यांना वाटणार, मी खोटा पत्ता दिला."

डोळ्यांसमोर वाढलेल्या पोराच्या अन्नात आपणच माती कालवली, या विचाराने बाईंना जेवण गेलं नाही.

सुयोगने कंपनीत हातापाया पडून पुन्हा चौकशी लावून घेतली. तोच तरुण आला आणि सुयोगला बाजूला ठेवून थेट बाईंपुढे उभा राहिला. सुयोग इथेच राहतो, असं बाईंनी त्याला आधीच सांगून टाकलं.

"आजी, तेव्हा म्हणालात गावाला गेलेत, आज म्हणता इथेच राहतात. तुमचं कुठलं खरं मानू?"

"आजचा. तेव्हा खोटा बोललंय मी. तुका वसुलीवालो समजलंय." बाईंनी पुढे केलेला चहा त्याने नाकारला, तशा त्या भडकल्या. "अरे, पोरगो वाईट असतो तर मी त्याच्यासाठी खोटा कित्याक बोललं असतंय?"

"तुम्ही सगळ्यांसाठीच बोलत असाल."

"सगळ्यांसाठी?" बाईंनी वरच्या मजल्याकडे बोट केलं. "त्या हर्षदाची चौकशी करूक इलो असतस, तर तुझो हात धरून तिच्या दारात नेऊन सोडलं असतंय!"

तरुणाने मोबाइलवर 'चालचलणूक उत्तम' असं लिहिलं आणि चहाचा कप उचलला.