आवाज बंद ठेवून पाहणारी

लोरेटा ड्वोरॅक ॲनिमे बघायची ती आवाज बंद करून. रॉचेस्टरमधल्या तिच्या लहानशा घरात टीव्हीवर तलवारी चालत, विमानं कोसळत, आणि ऐकू यायचा तो फक्त फ्रिज.

"संगीत लाच देतं," ती म्हणायची. "आवाज बंद केला की कळतं, कॅमेरा नक्की कुठे बघतोय."

दिवसा ती चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात असायची. वय त्रेचाळीस. नवरा नव्हता. एक मांजर होतं, ते म्हातारं होऊन गेलं. संध्याकाळ या जपानी कार्टून मालिकांची. तिचं त्यांच्यावर प्रेम होतं. हे आधीच सांगायला हवं, कारण तिच्यावर चिडलेल्यांना ते कधी पटलं नाही. शाळेत असताना झिजलेल्या कॅसेटवर तिनं पहिल्यांदा तलवार घेतलेली मुलगी पाहिली होती. तोवर तिच्या पाहण्यातल्या मुली फक्त किंचाळायच्या.

"माझं माणूस आहे म्हणून भांडते," ती म्हणे. "परक्याशी कोण भांडतं?"

हे भांडण ती इंटरनेटवर लिहायची. तिनं एक शब्द रूढ केला होता: मुंडकं नसलेली चौकट. मुलगी बोलत असते आणि पडद्यावर तिचा चेहरा नसतोच. मांड्या असतात, छाती असते, मान कापलेली असते. हा शब्द ॲनिमेवाल्यांत सगळीकडे गेला. त्याहून जास्त गाजला तिचा एक लेख, 'दीपस्तंभ तुकडी' नावाच्या मालिकेवरचा. त्यातल्या हिसाए नावाच्या मुलीच्या हाती तुकडीची सूत्रं द्यायची वेळ येते, तेव्हा ती मान खाली घालून म्हणते, "मी पडले बाईमाणूस. मला कसं जमेल?" या एका वाक्यावर लोरेटानं सगळी मालिका उभी-आडवी चिरली होती. पुढे पोरींनी त्याचे बिल्ले केले. ॲनिमेवाल्यांच्या दर संमेलनाला छातीवर 'मी पडले बाईमाणूस' लावून त्या हसत फिरायच्या.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात टपालानं फोटो यायला लागले.

पहिल्यात बसथांब्यावर उभी असलेली एक बाई होती. गळ्यापासून खाली. दुसऱ्यात कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारी, तीही गळ्यापासून खाली. लोरेटानं बुटांवरून ओळखलं. सोबत मजकूर नसायचा. तिचा शब्द कुणीतरी नीट शिकलं होतं.

ती पोलिसांकडे गेली. तिथल्या माणसानं फोटो उलटसुलट केले.

"चेहरा कुठाय पण, बाई? हा फोटो तुमचाच कशावरून?"

"तोच तर मुद्दा आहे," लोरेटा म्हणाली. त्याला तो कळला नाही.

मार्चमधल्या संमेलनात तिचं भाषण ठरलं होतं. त्या आठवड्यात पहिल्यांदा मजकूर आला. 'शनिवारी पहिल्या रांगेत असेन. एक प्रश्न आहे.'

गुरुवारी कारखाना सुटल्यावर ब्रिन आली. ब्रिन तिची धाकटी मैत्रीण. नुकतीच साहित्याची पदवी घेऊन पुस्तकांच्या दुकानात लागलेली. लोरेटा स्वयंपाकघरात सॉसेज परतत होती. ब्रिननं टीव्ही लावला आणि सवयीनं आवाज वाढवला. त्या घराला टीव्हीचा आवाज ऐकायची सवय नव्हती. लोरेटा दचकली.

"कमी कर गं ते."

"लोरेटा, इकडे ये आधी. हिसाए काय म्हणते इथे?"

"झोपेतून उठवलंस तरी सांगेन. मी पडले बाईमाणूस."

"ती 'बाई' असं म्हणतच नाहीये."

"म्हणजे?"

"खाली सबटायटलमध्ये तसं लिहिलंय. ती म्हणतेय 'वाताशी नांका'. म्हणजे, माझ्यासारख्या फालतू माणसाला कसं जमेल. असं कुणीही म्हणतं. आमचे जपानीचे सर फळा पुसतानासुद्धा म्हणायचे."

"तुझं जपानी ते केवढं! दोन सहामाह्या."

"वाक्यात बाई आहे की नाही, एवढं कळायला पुरतं तेवढं."

त्यांनी ते वाक्य पुन्हा ऐकलं. आणि पुन्हा. सॉसेज करपली.

"मग बाईमाणूस हा शब्द कुणाचा?" लोरेटानं विचारलं.

"ज्यानं सबटायटल लिहिली त्याचा. हौशी मंडळींनी केलेली आहेत. इथलाच असेल कुणीतरी."

लोरेटा खुर्चीत बसली. इतकी वर्षं ती त्या शब्दावरून टोकियोतल्या लोकांना जाब विचारत होती. तो शब्द शेजारच्या गल्लीत जन्मला होता. कान उघडे ठेवले असते तर जपानीत बाईला म्हणतात तो 'ओन्ना' शब्द यात नाही, एवढी शंका तरी आली असती.

"फोटो पाठवणाऱ्यांना कळलंय हे," ती म्हणाली. "तोच प्रश्न असणार शनिवारी."

"मग जाऊ नकोस."

"पळाली म्हणतील. त्यापेक्षा मीच सांगते. त्यांनी विचारायच्या आधी."

"आणि मग?"

"मग त्यांच्याजवळ काय उरलं?"

ब्रिननं उठून करपलेली सॉसेज टाकून दिली.

शनिवारी नदीकाठच्या हॉटेलात मालिकांतल्या पात्रांची सोंगं घेतलेल्यांची नेहमीसारखी गर्दी होती. निळे केस, फोमच्या तलवारी, पंख सावरत दारातून आडवी होऊन शिरणारी मुलं. दालन भरलं. पहिल्या रांगेत मधोमध एक माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, मांडीवर घडी केलेला कोट. सगळ्यांच्या गळ्यात टोपणनावाचं ओळखपत्र होतं. त्याचं उलटं वळलेलं होतं.

लोरेटानं हिसाएचा तो तुकडा आधी आवाज बंद ठेवून दाखवला. मग आवाज लावून. मग तिनं सांगितलं.

"माझी चूक झाली. मी बघत राहिले, ऐकलं नाही. कॅमेऱ्याबद्दल मी जे लिहिलं त्यावर मी ठाम आहे. तो कुठे बघतो ते तुम्हालाही दिसतंय. पण हे वाक्य हिसाएचं नाही. बाईमाणूस हा शब्द आपला आहे. आपल्यातल्या कुणीतरी तो तिच्या तोंडी घातला, आणि आपल्यातल्या कुणालाही तो खटकला नाही. बायकांनी असंच बोलायचं, हे आपण गृहीत धरलं. मी सगळ्यांत आधी."

एका पोरीनं बिल्ला काढून खिशात टाकला.

"मी नाही काढणार," दुसरी मागून ओरडली. "आपला आहे तर आपणच मिरवू!"

लोक हसले. लोरेटाही हसली. तिचे खांदे खाली आले. ब्रिनला वाटलं, जमलं. आता काही उरलं नाही.

पहिल्या रांगेतल्या माणसानं हात वर केला.

"चूक कबूल केलीत, बरं वाटलं," तो म्हणाला. आवाज मऊ होता, बँकेतल्यासारखा. "मला ती माहीत नव्हती. माझा प्रश्न वेगळा आहे."

"विचारा."

"तुमच्या मागच्या दाराचा दिवा गेलाय. पायरीवर बर्फ साचतो. बदलून का घेत नाही? पडाल एखाद्या दिवशी."

काहीजण पुन्हा हसले. त्यांना वाटलं, शेजारी असेल. लोरेटा हसली नाही. तिनं टेबलाची कड धरली होती. ब्रिन उठेपर्यंत तो माणूस उठला, कोट हातावर घेतला, वाटेतल्या प्रत्येकाला "माफ करा" म्हणत बाहेर पडला. बाहेर पंख आणि तलवारी होत्या. साधा शर्ट कुठेच नव्हता.

दिवा ब्रिननं त्याच दिवशी बदलला. कुलूपही बदललं. पोलिसांनी या खेपेला लिहून घेतलं, आणि दिव्याबद्दल काळजी करणं हा गुन्हा नाही, असं सांगितलं. "माझ्याकडे राहायला ये," ब्रिन म्हणाली. लोरेटा नाही म्हणाली. लेखाच्या माथ्यावर तिनं दुरुस्ती टाकली: चूक माझी, यापुढे प्रत्येक मालिका आवाज लावून पुन्हा बघणार आणि पुन्हा लिहिणार.

बर्फ वितळायला लागला तेव्हा ब्रिन चौकशीला गेली. लोरेटानं दार उघडायला वेळ लावला. आत टीव्ही चालू होता. फ्रिज घुरघुरत होता.

"आवाज लावून बघणार होतीस ना?"

"लावला होता पहिल्या दिवशी."

"मग?"

पडद्यावर हिसाएचे ओठ हलत होते. लोरेटा तिकडे बघत नव्हती. तिनं खुर्ची फिरवून मागच्या दाराकडे तोंड केलं होतं.

"आवाज लावला," ती म्हणाली, "की मागचं काही ऐकू येत नाही."