जाड अक्षरांतला बेस

अन्याय झाला तो नंदाखालच्या एका झेरॉक्सवाल्यावर. झाला गेल्या जानेवारीत, तिसऱ्या रविवारी, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, त्यांच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नाच्या मांडवात. कोणी केला, ते खाली येईल. पत्रकात आरोपीचं नाव मी पहिल्याच ओळीत टाकते. या वेळी जरा थांबते.

आधी माणूस. तुम्ही त्यांच्या दुकानात कधी गेला असाल तर हे तुमच्यासोबतही झालं असेल. तुम्ही प्रत काढायला आधार कार्ड पुढे केलंत, की अंकल म्हणायचे, “हात ठेव.”

“कुठे?”

“मशीनवर. सपाट ठेव.”

तुम्ही ठेवायचात. मशीन घरघरायचं. “कळला? हा जी सूर. किंचित चढलेला आहे.” मग तुमची प्रत तुमच्या हातात. या माहितीचा तुम्हाला काय उपयोग, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

अंकल गेली पस्तीसेक वर्षं लग्नांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवत. बेस गिटार म्हणजे स्टेजच्या कडेला, ड्रमच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली लांब मानेची, चार जाड तारांची गिटार. लग्नाच्या अल्बममध्ये हा माणूस नेहमी अर्धा कापलेला असतो. तुम्ही नाचता ते त्याच्यामुळे. टाळ्या मात्र गायकाला मिळतात.

मी त्यांना ओळखायला लागले पत्रकांमुळे. आम्ही मुळात नालासोपाऱ्याचे. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, शांत ठिकाणी राहा. म्हणून नंदाखालला भाड्याने आलो. शांतता लग्नसराईपर्यंत टिकली. दरम्यान मी पाण्यावर एक पत्रक काढलं, खड्ड्यांवर दोन. सगळी अंकलकडेच छापली. ते शुद्धलेखन फुकट तपासत.

शनिवारी दुपारी दुकानात बैठक असे. अंकल, नालासोपाऱ्याहून येणारे एक बँकेचे साहेब आणि कळंबला खोल्या भाड्याने देणारे एक काका. तिघंही बेसवाले. फोनवर जुन्या गिटारींच्या जाहिराती उघडायच्या आणि एकेकीचा पंचनामा करायचा.

“अठरा हजार मागतोय. जपानी आहे म्हणतो.”

“जपानी? स्क्रू बघ साहेब, स्क्रू. हा जपानी असेल तर मी पोप.”

“कळंबहून आहे की काय बघा आधी,” साहेब म्हणायचे. “खाऱ्या हवेतली गिटार नको. तारा गंजतात, बटणं खरखरतात.”

“ओ, माझी पंधरा वर्षं कळंबलाच आहे!”

“तेच म्हणतोय मी.”

मग टोनवर भांडण. साहेबांचं मत, टोन बोटांत असतो. काका म्हणत, “मग गिटारी कशाला जमवतो? बोटं जमव.” अंकलच्या मते टोन जुन्या तारांत असतो. त्यांनी स्वतःच्या तारा अकरा वर्षं बदलल्या नव्हत्या. नव्या तारांचा बेस चुरूचुरू बोलतो, असं त्यांचं म्हणणं. बेसने कमी बोलावं. साहेबांनी पाच तारांची गिटार घेतली तेव्हा अंकलनी ती नीट वाजवून पाहिली, परत दिली आणि विचारलं, “या चारांत काय बोलायचं राहिलं होतं?” साहेब दोन शनिवार आले नाहीत. जुन्या सिनेमातलं गाणं लागलं की तिघंही गप्प होत आणि त्यातल्या बेसवाल्याचं ऐकत. त्याचं नाव कुणाला माहीत नसे. “कॅसेटवर नसायचंच ते,” काका म्हणत. मला त्याचाही राग आला. मी म्हटलं, पत्रक काढू या. अंकल म्हणाले, “नको पोरी, तो मेला असेल.”

लग्नसराई आली. आमच्या घरामागच्या वाडीत डीजेच्या भिंतीएवढ्या बॉक्सची रांग लागली. खिडकीच्या काचा थरथरायच्या, बाबा छातीवर उशी धरून बसायचे. चौथ्या लग्नानंतर मी एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि दुकानात गेले. मथळा होता: ‘बेस बंद करा!’

अंकलनी कॉम्प्युटरवर तो टाइप केला आणि थांबले.

“पोरी, बेस म्हणजे काय?”

“अंकल, तो धडधड आवाज. छातीत बसतो तो.”

“तो बॉक्सचा. ‘दणदणाट बंद करा’ लिही.”

“लांब होतं. मथळ्यात बसत नाही. आणि लोक त्याला बेसच म्हणतात. ‘काय बेस आहे’ म्हणतात ना?”

“म्हणतात,” ते म्हणाले.

“मग?”

त्यांनी काउंटरवर तळहात ठेवला, जणू तिथे काही वाजत होतं. मग म्हणाले, “बाबा कसे आहेत?”

“झोपत नाहीत.”

“बरं,” म्हणाले आणि छापायला घेतलं. माझ्या ‘परिणाम’मधली चुकलेली वेलांटी त्यांनी सुधारली. ‘ध्वनीप्रदूषण’चं ‘ध्वनिप्रदूषण’ केलं. मथळ्याला हात लावला नाही. उलट ‘बेस’ हा शब्द दुकानातल्या सगळ्यात जाड अक्षरात लावला. लांबून दिसला पाहिजे, म्हणाले.

पत्रक यशस्वी झालं. माझं एवढं यशस्वी झालेलं ते एकमेव पत्रक. गावच्या मंडळाने बैठक घेतली आणि ठराव केला: ‘लग्न व इतर समारंभांत बेस वाजवण्यास बंदी राहील.’ शब्द माझेच. मंडळाकडे वाद्यांची यादी आधी द्यायची, मंडळ शिक्का मारणार. मी बाबांना ठराव वाचून दाखवला. पेढे आणले.

डीजेवाल्यांनी आठवड्यात मार्ग काढला. यादीत त्यांनी ‘सब’ लिहिलं, म्हणजे सबवूफर, त्याच बॉक्सचं इंग्रजी नाव. “आमच्याकडे बेस नाही ताई, हे सब आहेत,” एकाने मला तोंडावर सांगितलं. बॉक्स तेच. काचा त्याच. मंडळाच्या माणसाने यादी पाहिली, बेस कुठे दिसला नाही, शिक्का मारला.

आता तो रविवार. लग्नाचं आमंत्रण मलाही होतं. चर्चमधली मिस्सा आटपून सगळे वाडीतल्या मांडवात आले होते. अंकल कोट घालून, गिटार गळ्यात अडकवून स्टेजच्या कडेला, ड्रमच्या बाजूला उभे होते. पुतणीने सांगून ठेवलं होतं, पहिल्या गाण्याला बाबूच पाहिजेत. बाबू म्हणजे तेच. घरात त्यांना सगळे बाबू म्हणत. सात वाजून वीस मिनिटांनी मंडळाचा माणूस कागद घेऊन स्टेजपाशी आला. कागदावर लिहिलं होतं: कीबोर्ड, ड्रम, गिटार, बेस, गायक. ‘बेस’वर लाल रेघ होती.

“अंकल, रागावू नका. नियम आहे.”

“हा बेस तो नाही रे.”

“बेसच ना? तुमच्याच यादीत लिहिलंय. आणि पत्रक तुमच्याच दुकानात छापलंय.”

अंकलनी कागद हातात घेतला, वाचला, परत दिला. “हो. मीच छापलंय.” वायर काढली, गुंडाळली, गिटार पेटीत ठेवली आणि पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसले.

मी धावत गेले. “थांबा, ते पत्रक माझं आहे. मला ही गिटार म्हणायची नव्हती!”

“ताई,” मंडळाचा माणूस शांतपणे म्हणाला, “तुम्हीच लिहिलंत, आम्ही एक अक्षर बदललं नाही. आता तुम्ही बदलू नका.”

तर आरोपीचं नाव असं. मीच.

पहिलं गाणं बेसशिवाय झालं. नवरानवरी दोनदा एकमेकांच्या पायावर पाय देऊन थांबली, पाहुण्यांना ते गोड वाटलं. पुतणी नाचता नाचता ड्रमच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. नंतर डीजे आला. सब लागले. अंकल नीट जेवले, पोर्क छान झालंय म्हणाले.

त्यानंतर ते वाजवत नाहीत. घरीही नाही. मी विचारलं तर म्हणाले, “एकट्याने वाजवायचं वाद्य नाही गं ते.” माझ्यावर रागावले नाहीत. ते मी विसरणार नाही आणि तुम्हीही विसरू नये. शनिवारची बैठक बंद आहे. साहेब एकदा येऊन चहा पिऊन गेले, जाहिराती कुणी उघडल्या नाहीत.

पावसानंतर त्यांनी गिटार विकायला काढली. किंमत इतकी कमी लावली की कळंबचे काका फोनवर ओरडले. असा विकणारा तुम्ही पाहिला नसेल. येईल त्याला आधी दोष सांगतात: मान उन्हाळ्यात किंचित वाकते, एक बटण खरखरतं, तारा अकरा वर्षांच्या आहेत. तीन गिऱ्हाइकं घाबरून गेली. चौथा भाईंदरचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चालेल. तारा बदलून टाकीन.” अंकल म्हणाले, “बदल.” तो येत्या रविवारी घेऊन जाणार आहे.

मंडळाची सभा त्याच्या आदल्या दिवशी आहे, शनिवारी संध्याकाळी पाचला, समाज हॉलमध्ये. मी नवा मसुदा दिला आहे. त्याचं पहिलं वाक्य ‘मागच्या पत्रकात मी चुकीचा शब्द वापरला’ असं आहे. ठरावात ‘बेस’ खोडून ‘डीजेचे बॉक्स, त्यांचं नाव काहीही असो’ एवढं घालायचं आहे. मंडळ म्हणतं, एकीच्या सांगण्यावरून ठराव बदलत नाही, निम्म्या घरांच्या सह्या आणा.

हे पत्रक मी विरारला छापलं. अंकलना माहीत नाही. शुद्धलेखन कुणी तपासलेलं नाही, चुका असतील.

ज्यांच्या ज्यांच्या लग्नात ते वाजवत होते त्यांनी अल्बम काढून कडेचा अर्धा कापलेला माणूस बघा. मग शनिवारी पाचला हॉलवर या आणि सही करा. घरातल्या मोठ्यांनाही आणा. रविवारी येऊ नका, रविवारी उशीर झालेला असेल.