एरंडेल पाजलेले बूट

परवा गावी, लोणीला गेले, तर पुतण्या ओसरीवर बसून नव्या चपलांना एरंडेल चोळत होता. त्या वासासरशी मला पुण्यातल्या एका हॉलची पायरी आठवली.

मी तेव्हा अकरावीत होते. बॉलरूम, म्हणजे जोडीनं करायचा नाच, त्याची माझी पहिली स्पर्धा होती. परक्या पोराच्या हातात हात देऊन नाचते म्हणून गावात कुजबुज चालायची. माझे वडील, अण्णा, त्यावर कधी अवाक्षर बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र तेच सोबत आले होते.

पायरीवर मी पिशवीतून बूट काढले, तर तळ काळाकुट्ट आणि तेलकट. नाचाच्या बुटांचा तळ लवेच्या कातड्याचा, म्हणजे स्वेडचा असतो. तो कोरडा असला तरच लाकडी जमिनीवर पाय धरतो.

"नवं कातडं चावतं," अण्णा कौतुकानं म्हणाले. "रातभर तेल पाजलंय. कसे मऊ पडलेत बघ."

माझा जोडीदार निखिल रुमालानं तळ पुसायला लागला. पहिल्याच फेरीत वळताना माझा पाय सटकला आणि आम्ही दोघंही स्पर्धेतून बाद झालो.

परतताना मंचरहून लोणीकडं निघालेली जीप गावच्याच माणसांनी भरली होती. एकानं खोचकपणे विचारलं, "मग अण्णा, संपला का पोरीचा नाच?"

"न्हाई राव," अण्णा म्हणाले. "तेल माझ्या हातनं लागलं. पुढच्या बारीला न्हाई लावणार."

तेव्हा मला त्यातलं तेलच तेवढं ऐकू आलं. 'पुढच्या बारीला' हे त्यांनी साऱ्या गावासमोर म्हटलं होतं, ते आता ध्यानात येतं.