मोजणीच्या दिवशीचे पापड

घाटंजी, एप्रिलमधला मंगळवार. हजर: मी, शेजारच्या शबानाभाभी, समोरच्या रुखमाकाकू.

उडदाचं पीठ कुटताना हिंगाचा वास आला आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मोजणी आठवली. रस्ता रुंद करायला आमच्या गल्लीतले ओटे पाडायचे ठरले होते. संध्याकाळी सारी गल्ली त्या ओट्यांवरच बसते. म्हणून आम्ही नेमके मोजणीच्याच दिवशी पापड घातले, रस्ताभर खाटा टाकून.

नगरसेवक मोजणीच्या टेपवाल्यांना घेऊन आले. "काकू, खाटा बाजूले घ्या न."

"वाळू द्या, भाऊ," रुखमाकाकू म्हणाल्या.

"मंग उद्या येतो."

"उद्या कुरडया हायेत."

"परवा?"

"परवा तुमचीच बायको येऊन राह्यली शेवया कराले!" शबानाभाभींनी सांगितलं.

नगरसेवक हसत ओट्यावर टेकले. सावलीत बसून त्यांनी तेलात बुडवलेली लाटी खाल्ली. समोरच्या बोळातून गल्लीमागची पडीक जागा त्यांना तिथूनच दिसली. शेवटी मोठा रस्ता तिकडून गेला.

तेव्हा वाटलं, पापड जिंकले. आता वाटतं, नगरसेवक घटकाभर ओट्यावर बसले, म्हणून जमलं. ओटे आजही संध्याकाळी भरलेले असतात. गावाचा नवा आराखडा होतोय. पुन्हा कुणी पाडायला येऊ नये म्हणून त्यात ओटे दाखवून घ्यायचं काम तेवढं राहिलं आहे.