दुखत नसलेला पाय

डॉक्टरनं बुटाच्या टोकानं माझ्या आईच्या पायाचा अंगठा दाबला. काळा पडलेला अंगठा. पू फरशीवर सांडला.

"दुखतंय का?"

"नाई जी. काईच नाई दुखत," आई म्हणाली. आनंदानं म्हणाली.

डॉक्टर शिकाऊ पोरांकडे वळून हसला. "बघा. सडेपर्यंत घरी ठेवतात हे लोक."

वाशीमचा खाजगी दवाखाना होता तो. मी आईजवळ उभा होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला. 

आसेगावकडच्या एका शेतात सोंगणी करताना आईच्या पायात कापलेल्या सोयाबीनचं टोकदार धसकट घुसलं. तिनं ते उपसलं, जखमेत हळद भरली, पुन्हा विळा धरला. काही दिवसांनी ठणका थांबला. पाय बरा झाला, असं तिनं वस्तीभर सांगितलं. आमच्याकडं असंच समजतात. दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला. आणि शुगर? ती बसून खाणाऱ्यांना होते. राबणाऱ्याला कशी होईल? तिनं पायाची जाणीवच मरते, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"शुगर कधीपासून?" डॉक्टरनं मला विचारलं.

"माहीत नाही, सर."

"फुकटचं रेशन खायचं, रक्त तपासायचं नाही. आणि तू कॉलेजात म्हणे? सवलतीतला दिसतोस."

पुन्हा बूट. या वेळी जोरात. कातडं फाटलं. आत पांढरं हाड दिसलं. आई म्हणतच होती, "नाई जी, नाई."

मी खाली वाकलो. दोन्ही हातांनी त्याचा बूट धरला आणि ओढला. डॉक्टर ट्रॉलीवर आदळला. वॉर्डबॉयनं माझं तोंड फोडलं.

"काहून मारून राह्यले त्याले?" आई किंचाळली. "पोरगं हाये माह्यं!"

"माही माय हाये ते," मी डॉक्टरला म्हणालो. तोंडात रक्त होतं. आवाज कापला नाही.

त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात आईचा पाय गुडघ्यातून कापला. पण विष वर चढलं होतं. आई पांढऱ्या कापडात परत आली.

शहरात माणसं शुगर-बीपी घेऊन म्हातारी होतात. आमच्या भागात या रोगांचं नाव कळतं तेच मोठ्या दवाखान्याच्या खाटेवर. मग पाय जातो, किडनी जाते, माणूस जातो. याला कुणी नशीब म्हणो. मी खून म्हणतो.

गावातल्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप आहे. सोमवारी मी वस्तीतली सगळी माणसं घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाणार आहे. प्रत्येकाचं रक्त तपासल्याशिवाय आम्ही दारातून उठणार नाही. कुणी आमच्यातल्या म्हातारीला ढकललं, तर तो हात मी मोडीन.